रुमालसाहेबांची सर्दी

आधी शेवट सांगून टाकतो. मी सगळ्यांचे पैसे परत केले, लेखिकाबाईंची माफी मागितली आणि रुमालसाहेबांना त्यांची सर्दी सन्मानानं परत केली.

आता वरचं काही तुम्ही वाचलेलं नाही. मीही लिहिलेलं नाही. पैसे, माफी, सर्दी यांतलं काहीच घडलेलं नाही असं धरून पुढे जाऊ, कारण त्या काळात मीही तसंच धरून चाललो होतो.

रुमालसाहेब म्हणजे एका रहस्यकादंबऱ्यांच्या मालेतले इन्स्पेक्टर. त्यांना बारा महिने तेरा त्रिकाळ सर्दी. नाक कायम चोंदलेलं, हातात कायम रुमाल. पिस्तूल ते घरी विसरतात, रुमाल कधीच नाही. मालेतल्या शेवटच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ते एका बंद खोलीचं दार उघडतात, नाक पुसतात आणि म्हणतात, "अच्छा, म्हणजे तुम्ही." संपलं पुस्तक. दारामागे कोण, खून कुणी केला, काही नाही. त्यानंतर लेखिकाबाईंनी एक ओळ लिहिली नाही. वाचक म्हातारे व्हायला लागले, दार तसंच उघडं.

माझं रुमालसाहेबांवर प्रेम असण्याचं कारण साहित्यिक नाही, वैद्यकीय आहे. माझंही नाक जन्मजात बंद. लहानपणापासून जो भेटेल तो मला वाफारा घ्यायला सांगत आला आहे. बसमधले अनोळखी लोकसुद्धा. अशा माणसाला जेव्हा कळतं की जगात एक चोंदलेल्या नाकाचा गृहस्थ आहे, तो सगळ्यांपेक्षा हुशार आहे आणि त्याला कुणीही वाफारा घ्यायला सांगत नाही, तेव्हा त्या माणसाला जगण्याचा आधार मिळतो. एवढंच.

तर मी ते दार बंद करायचं ठरवलं. म्हणजे पुढची गोष्ट लिहायची. लिहिण्याचा मला अनुभव आहे. मी नळ बनवणाऱ्या कंपनीत सूचनापत्रकं लिहितो. नवा नळ घेतला की खोक्यात घडी घातलेला कागद निघतो ना, जो तुम्ही न वाचता फेकता, तो माझा. "प्रथम पाण्याचा मुख्य पुरवठा बंद करावा" हे माझं सर्वांत जास्त छापलं गेलेलं वाक्य. त्यावर आजवर एकही अभिप्राय आलेला नाही.

गोष्टीचे भाग मी आमच्या इमारतीच्या मोबाइल ग्रुपवर टाकायला लागलो. आधी पाणी कधी जाणार याची सूचना, मग कुणाची तरी हरवलेली चप्पल, मग रुमालसाहेब. आणि लोक वाचायला लागले. वरच्या काकू वाचायला लागल्या, तळमजल्यावरचा दंतवैद्य वाचायला लागला. माझी ताईसुद्धा वाचायला लागली, पण माझ्यासमोर नाही.

सगळ्यांत गाजलं ते चौकशीचं तंत्र. रुमालसाहेब संशयिताला समोर बसवतात, नेमका प्रश्न विचारतात आणि तो तोंड उघडणार इतक्यात हात वर करून म्हणतात, "थांबा, शिंक येतेय." मग शिंक येत नाही. नुसती येणार, येणार असं वाटत राहतं. त्या शांततेत समोरचा माणूस असा काही अवघडतो की सगळं कबूल करून मोकळा होतो. हे तंत्र माझं स्वतःचं. निदान त्या दिवसांत मी जिन्यात भेटेल त्याला तसं सांगत होतो.

मग आमचे सेक्रेटरीकाका जिन्यात भेटले. सेक्रेटरीकाका इमारतीचे मानद सचिव आहेत. त्यांना कुठलीही गोष्ट फुकट चाललेली दिसली की त्यांचा जीव कासावीस होतो.

"वाचतोय हं तुझं," ते म्हणाले. "पण एक चूक करतोयस. फुकट देतोयस."

"काका, इन्स्पेक्टर माझा नाही. दुसऱ्यांचा आहे."

"इन्स्पेक्टर त्यांचा, मेहनत तुझी. मेहनतीचे घ्यायचे. लिफ्ट काय आपण बनवली? तरी लिफ्टचे घेतोच ना आपण."

ही उपमा नीट तपासली असती तर ती तिथेच कोसळली असती. पण मेहनत हा शब्द माझ्याबद्दल याआधी कुणी वापरला नव्हता. मी घरी येऊन ताईला विचारलं. ताई औषधाच्या दुकानात हिशेब बघते, त्यामुळे तिला नैतिक प्रश्न लवकर कळतात.

"त्या बाईंना विचारलंस?" ती म्हणाली.

"त्या कुणाला भेटत नाहीत म्हणे."

"म्हणजे नाही विचारलंस."

"त्यांनी लिहायचं सोडलंय, ताई. मी उलट त्यांचा इन्स्पेक्टर जिवंत ठेवतोय."

"शेजारी गावाला गेले म्हणून त्यांची गाडी मी चालू ठेवते, आणि टॅक्सी म्हणून फिरवते. तसं."

मला वाटलं, ताईला कलेतलं कळत नाही. असं वाटणं हा माझा आवडता मार्ग आहे. त्यानं पुष्कळ वाद वाचतात.

पुढच्या महिन्याच्या देखभाल बिलात पाण्याची टाकी आणि लिफ्ट यांच्या मधोमध एक नवी ओळ आली: साहित्य शुल्क. रक्कम अगदी किरकोळ होती. पण सेक्रेटरीकाकांनी ती सगळ्यांना लावली, वाचणाऱ्यांना आणि न वाचणाऱ्यांनाही. तळमजल्यावर राहणारे लिफ्टचे पैसे भरतातच, या तत्त्वावर.

आणि वातावरण बदललं. गोष्ट फुकट होती तेव्हा लोक अंगठ्याचं चित्र, हसरा चेहरा पाठवायचे. पैसे सुरू झाल्यावर तक्रारी सुरू झाल्या. भाग छोटा आला. भाग उशिरा आला. आमच्या मजल्यावरच्या कुणावर संशय घेतलेला चालणार नाही. बिलात नाव असलेल्या माणसाला खुनी करू नये, असं एकानं रीतसर कळवलं. मी विचारलं की मग खुनी आणायचा कुठून, तर म्हणाला, "शेजारच्या इमारतीतून आण की. ते कुठे पैसे भरतात."

वरच्या काकू एके दिवशी घरी आल्या. त्यांचा मुद्दा वेगळाच होता.

"अरे, बिचाऱ्याची सर्दी बरी कर की आता. मला वाचवत नाही. प्रत्येक पानावर शिंकतोय. घरात कुणी नाही का त्याला बघायला?"

"काकू, सर्दी हाच त्यांचा स्वभाव आहे."

"सर्दी कुणाचा स्वभाव असते का? तूसुद्धा वाफारा घेत नाहीस म्हणून तुझं हे असं. आणि आता आम्ही पैसे भरतो, म्हणून हक्कानं सांगते."

मी हसून टाळलं. पण काकूंनी तो विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत नेला. विषय क्रमांक सात: गच्चीवरची गळती. विषय क्रमांक आठ: रुमालसाहेबांची सर्दी. गळतीवर चर्चा होऊन निर्णय पुढे ढकलण्यात आला. सर्दीवर चर्चा न होता ठराव एकमतानं मंजूर झाला. दंतवैद्यानं अनुमोदन दिलं. मी हात वर केला, तर सेक्रेटरीकाका म्हणाले, "तू लेखक आहेस, सभासद नाहीस. सभासद तुझे वडील आहेत, आणि त्यांनी हात वर केलाय."

घरी आल्यावर बाबांना विचारलं. म्हणाले, "सगळ्यांनी केला म्हणून मी केला. गळतीवरच मतदान चाललंय असं वाटलं."

मी लिहिलं. पुढच्या भागात रुमालसाहेबांनी वाफारा घेतला आणि त्यांचं नाक मोकळं झालं. ते खिडकीत उभे राहिले, त्यांनी खोल श्वास घेतला आणि त्यांना मोगऱ्याचा वास आला. इतकं वाईट वाक्य मी नळाबद्दलसुद्धा लिहिलेलं नाही. काकूंनी खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. मी माझं नाक पुसलं आणि आरशात बघायचं टाळलं.

या सगळ्यात माझा स्वाभिमान कुठे दुखावला म्हणाल, तर इथे नाही. तो दुखावला दंतवैद्याच्या दवाखान्यात.

दाढ दुखायला लागली म्हणून गेलो, तर स्वागताच्या टेबलावर कपांची रांग. पांढरे कप, त्यावर रुमालाचं चित्र आणि खाली लिहिलेलं: थांबा, शिंक येतेय. बाजूला किमतीची चिठ्ठी.

तोंडात आरसा असताना निषेध करणं कठीण असतं. आरसा निघाल्यावर मी म्हणालो, "डॉक्टर, हे वाक्य माझं आहे."

"म्हणूनच तर घेतलं," तो म्हणाला. "मी तुमचा चाहता आहे. लोक खुर्चीत फार घाबरतात हो. कप बघून हसतात."

"पण तुम्ही विकताय."

"मेहनत माझी आहे ना. कप काय फुकट छापून मिळतात?"

"विचारायचं तरी."

"तुम्ही नाही म्हणाला असता तर?"

हे संभाषण मी कुठेतरी ऐकलंय असं मला वाटलं. कुठे ते आठवलं नाही, कारण मला ते आठवायचं नव्हतं. अर्धवट भरलेली दाढ घेऊन मी थेट हक्क नोंदणी कार्यालयात गेलो.

तिथे खिडकीमागे एक मॅडम होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की त्यांनी सगळ्या प्रकारच्या चोऱ्या बघितल्या आहेत आणि एकीतही त्यांना गोडी वाटलेली नाही.

"कुणाविरुद्ध?"

"दंतवैद्याविरुद्ध. माझ्या गोष्टीतलं वाक्य कपावर छापून विकतोय."

"गोष्ट तुमची?"

"हो. म्हणजे गोष्ट माझी, इन्स्पेक्टर एका लेखिकाबाईंचा."

"परवानगी?"

"त्यानं घेतली नाही."

"तुमची विचारतेय."

मी जरा वेळ भिंतीवरच्या पंख्याकडे पाहिलं. मॅडमनी वाट पाहिली नाही. त्यांनी अर्जात दंतवैद्याच्या नावाखाली माझं नाव लिहिलं.

"मॅडम, मी तक्रारदार आहे."

"तक्रारदाराच्या जागीही लिहिलंय. त्यानं तुमचं घेतलं, तुम्ही बाईंचं घेतलं. साखळीत मधली कडी सोडून कशी चालेल? पुरावा जोडा."

मी अभिमानानं पुरावा जोडला. गोष्टीचे सगळे भाग, छापून, टाचण्या लावून, आणि साहित्य शुल्काची ओळ दिसावी म्हणून देखभाल बिलाची प्रत. गोष्ट लोक पैसे देऊन वाचतात, म्हणजे तिला किंमत आहे, हे मला दाखवायचं होतं. ते मी फार चांगलं दाखवलं.

"यानंतर काय होतं?" मी विचारलं.

"एक प्रत मूळ मालकाला जाते. नियम आहे."

त्या घडीला माझी दाढ दुखायची थांबली. शरीराला एका वेळी एकच दुखणं सांभाळता येतं.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझ्या कंपनीला ठाऊक आहे. त्या काळात छापलेल्या एका पत्रकात "नळ उजवीकडे फिरवून क्षमा मागावी" असं गेलं आहे. पैशांची, दंडाची, वकिलाच्या नोटिशीची भीती होतीच. पण खरी भीती वेगळी होती. ज्या बाईंनी मला चोंदलेल्या नाकानं ताठ मानेनं चालायला शिकवलं, त्या माझा वाफाऱ्याचा भाग वाचत असतील, याची.

रविवारी सकाळी बेल वाजली. ताईनं दार उघडलं आणि आत वळून म्हणाली, "तुझ्या गाडीच्या मालकीणबाई आल्यात."

लेखिकाबाई ठेंगण्या, करड्या केसांच्या, हातात कापडी पिशवी. खुर्चीवर बसल्या, पिशवीतून टाचण्या लावलेला गठ्ठा काढला, मग टॉवेलएवढा एक रुमाल काढला आणि नाक पुसलं. सवयीनं पुसलं. रोज, दर तासाला पुसणाऱ्या माणसासारखं. मी बघतच राहिलो. ताईनंही माझ्याकडे एकदा बघितलं.

"हे तुम्ही लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. मी पूर्ण तयारी केली होती. चाहत्यांच्या निर्मितीचं सांस्कृतिक महत्त्व, मेहनत, लिफ्ट, सगळं मुद्देसूद पाठ होतं. इतक्यात त्यांनी हात वर केला.

"थांबा. शिंक येतेय."

आम्ही थांबलो. त्यांनी रुमाल नाकाजवळ धरला, डोळे बारीक केले. शिंक आली नाही. येणार असं वाटत राहिलं. भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. ताई जागची हलेना. खाली कुणीतरी गाडी पुसत होतं, तेही ऐकू आलं.

"मी विचारायला हवं होतं," मी म्हणालो. "मला माहीत होतं विचारायला हवं. तुमचा पत्ताही माझ्याकडे होता, जुन्या पुस्तकाच्या मागे छापलाय तो. तुम्ही नाही म्हणाल म्हणून विचारलं नाही. पैसे मला नको होते असं नाही, हवे होते. आणि सर्दी मी बरी केली. सभेचा ठराव होता, पण हात माझा होता. मोगरासुद्धा माझाच."

बाईंनी शांतपणे रुमाल खाली घेतला. "गेली," त्या म्हणाल्या.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "हे तंत्र..."

"माझ्या दुसऱ्या पुस्तकातलं. गोदामाचा प्रसंग. तू लहानपणी वाचलं असशील आणि तुला ते स्वतःचं वाटलं असेल. होतं असं. प्रेमात होतं." त्या केव्हा अरे-तुरेवर आल्या ते मला कळलंच नाही, पण बरं वाटलं.

म्हणजे दंतवैद्यानं माझं काही चोरलंच नव्हतं. मी स्वतःचं समजून जे जपत होतो ते बाईंचंच होतं, आणि त्याच्यासाठी मी स्वतःविरुद्ध तक्रार केली होती, तीही टाचण्या लावून.

बाईंनी गठ्ठा उघडला. "सुरुवातीचे भाग वाचताना मी दोनदा थांबले. म्हटलं, हे मी कधी लिहिलं? चांगलं चाललं होतं. मग इथे," त्यांनी बरोबर त्या पानावर बोट ठेवलं, "इथे पैसे सुरू झाले ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"इथून पुढे सगळ्यांना जे हवं ते व्हायला लागलं." त्यांनी पुन्हा नाक पुसलं. "हे बघ. फुकट लिहीत होतास, तेव्हा तो माझ्याकडे आलेला पाहुणा होता, तू त्याला चार दिवस फिरायला नेलंस. मला त्यात आनंदच होता. पैसे घेतलेस आणि तू त्याला भाड्यानं दिलंस. भाड्यानं द्यायचा तर मालकाला विचारायचं. एवढंच."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

"नाही. पण कुणीतरी विचारलं, याचं बरं वाटलं असतं."

ताई आतून चहा घेऊन आली. माझ्यासाठी कप आणला नव्हता. मी तो न्याय मानला.

चहा पिता पिता, आता सगळं संपलंच आहे तर विचारून घ्यावं म्हणून मी विचारलं, "बाई, दारामागे कोण होतं?"

त्यांनी कप बशीत ठेवला. "कुणाला सांगणार नाहीस?"

"नाही."

"मला माहीत नाही. प्रकाशक घाई करत होते. मी म्हटलं, दार उघडून ठेवू, पुढच्या पुस्तकापर्यंत सुचेल कुणीतरी. सुचलंच नाही. लोक रस्त्यात अडवून विचारतात म्हणून मी भाजीसुद्धा लांबच्या बाजारातून आणते."

मला जे हलकं वाटलं ते सांगता येत नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की दारामागे एक महान उत्तर आहे आणि मी त्याची वाट लावतोय. दारामागे कुणीच नव्हतं. वाट लावण्याजोगं काही नव्हतंच. बाईही मोकळ्या झाल्यासारख्या दिसल्या. बहुधा त्यांनीही हे पहिल्यांदाच मोठ्यानं कबूल केलं होतं, आणि मला तर शिंकसुद्धा आणावी लागली नव्हती.

त्यांच्या अटी साध्या होत्या. पैसे परत. सर्दी परत. हवं तर लिहीत राहा, फुकट, आणि पहिली प्रत त्यांना. दारामागे कोण ते ठरलं तर त्यांना आधी सांगायचं, त्यांनाही उत्सुकता आहे. जाताना खाली त्या दवाखान्यात शिरल्या. त्यानंतर तिथल्या कपांवरची किमतीची चिठ्ठी गेली आणि कप घाबरलेल्यांना फुकट मिळायला लागले. एक कप बाईंनी पिशवीत टाकलेला मी गॅलरीतून पाहिला.

प्रथम मुख्य पुरवठा बंद करावा, हे मी लाखो लोकांना सांगत आलोय. त्या संध्याकाळी पहिल्यांदा स्वतः केलं. साहित्य शुल्क बंद. सेक्रेटरीकाका म्हणाले, बिलात आलेली ओळ ठरावाशिवाय काढता येत नाही आणि पैसे परत करायला तर हिशेबात खातंच नाही. म्हणून मला मिळालेले पैसे मी दारोदार फिरून हातात परत दिले. मला वाटलं, लोक चिडतील. लोकांचे चेहरे उजळले. एक जण म्हणाला, "सुटलो. पैसे भरलेत म्हणून वाचावं लागत होतं. आता आवडलं तरच वाचीन." काकूंनी पैसे घेतले नाहीत.

"पुन्हा शिंकणार का तो?"

"हो काकू. आता शिंकणार."

"मग ठेव तुझ्याकडे. रुमाल घे त्याच्यासाठी. चांगल्या कापडाचे घे."

पुढच्या भागात रुमालसाहेबांना पावसात भिजवलं. दोन पानांत नाक पूर्ण बंद झालं. मी लिहून झाल्यावर माझंही पुसलं आणि आरशात बघितलं. ठीक दिसत होतं.

एवढं सगळं निभावल्यावर राहिली ती फक्त तक्रार. ती मागे घ्यायला गेलो तर मॅडम म्हणाल्या की आरोपी क्रमांक एकची संमती लागेल. दंतवैद्यानं दिली. आरोपी क्रमांक दोनची संमती मी तिथल्या तिथे दिली, पण ती तक्रारदारानं आरोपीवर दबाव आणून घेतलेली नाही याची खात्री करण्यासाठी दोघांची स्वतंत्र सुनावणी होते, म्हणे. तक्रारदाराची मंगळवारी, आरोपीची शुक्रवारी. म्हणून हा अर्ज मी आजच खिडकीत दिला आहे. मॅडमनी तो न वाचता सर्वांत खाली ठेवला.

"मा. अधिकारी यांस, सविनय विनंती की, सदर प्रकरणातील तक्रारदार व आरोपी क्रमांक दोन यांस सुनावणीस एकाच दिवशी व शक्यतो एकाच खुर्चीवर बोलावण्यात यावे, कारण दोघांना मिळून अर्ध्या दिवसाचीच रजा मंजूर झाली आहे. दोघांमध्ये कोणतेही वैर उरलेले नाही. तसेच, सुनावणीदरम्यान दोहोंपैकी कोणासही शिंक आल्यास, अथवा येईलसे वाटून न आल्यास, त्या शांततेत ते जे काही बोलतील ते कार्यालयाने ऐकलेले नाही असे समजण्यात यावे."